बैठकीचे शाळेकडे स्थित्यंतर : मुंबईतील संगीतश्रवणाच्या इतिहासातील एक प्रश्न

हिंदुस्थानी संगीताची बैठक ही मूलतः लहान दालनात नांदणारी संस्था होय. गायक, तंबोरा, तबला आणि साथीचे एखादे वाद्य एवढाच तिचा संभार. श्रोते समोरच बसलेले, आणि त्यांची दाद गायनाच्या विस्ताराला दिशा देणारी. मेहली मेहता यांनी १९४० साली मुंबईत स्थापन केलेल्या तंतुवाद्य-चतुष्टयाची पाश्चात्त्य परंपराही अशाच निकटतेवर आधारलेली आहे. ही निकटता शाळेत नेता येते काय, या प्रश्नाला विसाव्या शतकात दोन भिन्न उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांचे. संगीत दरबारी आश्रयावर आणि घराण्यांच्या गुप्ततेवर विसंबून होते. मध्यमवर्गीय कुटुंबांत त्यास प्रतिष्ठा नव्हती. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून आणि १९०८ साली मुंबईत त्याचे कार्य सुरू करून पलुस्करांनी वर्ग, क्रमिक पुस्तके व स्वरलेखन यांच्या साहाय्याने ही कोंडी फोडली. कर्जापोटी संस्थेची मुंबईतील वास्तू गेली. परंतु कार्य शिष्यांनी पुढे नेले. बा. र. देवधर यांनी १९२५ साली गिरगाव भागात, तर व्यास बंधूंनी पुढे दादरला विद्यालय काढले. १९३१ साली स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाने परीक्षांची व्यवस्था देशभर रूढ केली. या यशाची एक मर्यादा मात्र दुर्लक्षून चालणार नाही. संगीत अभ्यासविषय झाले. श्रवण हे त्या अभ्यासाचे केवळ आनुषंगिक अंग राहिले. रागाचे आरोह-अवरोह पाठ असलेल्या विद्यार्थ्याने तो राग तासभर उलगडताना ऐकलेला असेलच, असे नव्हे.

याच काळात नगररचनेनेही श्रोता आणि बैठक यांतील अंतर वाढविले. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा या उत्तरेकडील भागांत नव्या वसाहती आखल्या. बैठकीची जुनी स्थाने गिरगावात लक्ष्मीबागेसारख्या ठिकाणी होती. कुटुंबे मात्र उत्तरेकडे सरकली. वडाळ्याची वस्ती मराठी, तमिळ, पारशी अशी संमिश्र. साउथ इंडियन्स वेल्फेअर सोसायटीची शाळा येथलीच, आणि कर्नाटक संगीताचे षण्मुखानंद सभागृह जवळच किंग्ज सर्कलला. अशा परिसरातील मुलास एकाच भाषेच्या वा घराण्याच्या वारशावर श्रोता करणे शक्य नव्हते. शब्दाश्रयी पदापेक्षा आलाप किंवा वाद्यवादन हाच तेथे अधिक सामायिक दुवा ठरणे स्वाभाविक होय.

दुसरे उत्तर या जाणिवेशी जुळणारे आहे. न्यूयॉर्क येथे शिकत असताना किरण सेठ यांनी १९७२ साली डागर घराण्यातील गायकांचे धृपद ऐकले. मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करीत असता त्यांनी १९७७ साली स्पिक मॅकेची स्थापना केली. तेथे शिकविण्याचा आग्रह नाही. कलावंत शाळेत येतो, सप्रयोग बोलतो, गातो वा वाजवितो, मुले जमिनीवर बसून ऐकतात. व्यवस्था स्वयंसेवकांची, प्रवेश विनामूल्य. पलुस्करांच्या योजनेतील शुल्क आणि परीक्षा ही दोन्ही अंगे येथे गळून पडली.

तथापि या दुसऱ्या उत्तरालाही किंमत मोजावी लागते. बैठकीतील दाद जाणकाराची असते. शाळेतील श्रोता तिला अपरिचित. शेकडो मुलांसमोर ध्वनिवर्धक आला की निकटता क्षीण होते, आणि वर्षाकाठी होणाऱ्या एखाद्या मैफलीने कान तयार होत नाही. पलुस्करांच्या परंपरेने सातत्य दिले, पण श्रवण दुय्यम केले; नव्या चळवळीने श्रवण पुनःस्थापित केले, पण सातत्याची हमी तिला देता आली नाही. म्हणून या दोन प्रयत्नांना परस्परविरोधी मानणे इतिहासाला धरून होणार नाही. तानसेन शाळेत घडावेत, अशी अपेक्षा अवाजवी होय. कानसेन घडावयाचे असतील तर मात्र वर्गातील नित्याचा पाठ आणि लहान दालनातील जिवंत गाणे, ही दोन्ही एकाच मुलाच्या वाट्याला आली पाहिजेत.