खेचरी

‘ख’ म्हणजे आकाश, आणि त्यात संचार करणारी ती ‘खेचरी’. ‘खग’ आणि ‘खगोल’ या शब्दांतही हाच ‘ख’ असला, तरी येथे सप्तमीचा प्रत्यय लोप न पावता ‘खे’ असा टिकून राहिल्यामुळे हा ‘युधिष्ठिर’सारखा अलुक् समास ठरतो. हठयोगातील खेचरी मुद्रेत हे आकाश टाळूमागील पोकळीत कल्पिलेले असून, उलट वळवलेली जीभ तेथे पोहोचावी यासाठी ‘हठयोगप्रदीपिका’ छेदन, चालन आणि दोहन असे उपाय सांगते. छेदनात जिभेखालचा पातळ पडदा स्नुहीच्या, म्हणजे थोराच्या, पानासारख्या धारदार शस्त्राने केवळ केसभर कापून त्यावर शेंदेलोण व हिरड्याचे चूर्ण चोळावयाचे, सात दिवसांनी पुन्हा तेवढेच कापावयाचे, आणि असे सहा महिने चालवावयाचे, असा विधी आहे. ‘दोहन’ हा शब्द तर थेट गोठ्यातला आहे, कारण धार काढताना सड ओढावा तशी जीभ ओढावयाची असते; ‘घेरंडसंहिते’त त्यासाठी लोणी लावून लोखंडी साधनाने जीभ ओढण्यास सांगितले आहे. यातील छेदन रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांमुळे धोक्याचेच असल्याने अनेक साधक ते वगळून केवळ जीभ वळवण्याचा अभ्यास करतात.