पसरलेल्या कर्करोगाचा माग : ट्रॉम्बे ते परळ

इतिहासाच्या मालेत कॅन्सर कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते साहजिक आहे. आम्हाला आज एका शब्दाचा इतिहास सांगायचा आहे. तो शब्द म्हणजे 'पसरला'.

मुंबईहून किंवा कोल्हापूरहून रिपोर्ट येतो. कुणीतरी वाचून सांगतं, 'पसरलाय', आणि अख्खं घर गप्प होतं. आता सगळं हाताबाहेर गेलं, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा परिस्थिती खरोखर कठीण असते. पण काही कर्करोगांत पसरलेल्या पेशींनाच हुडकून मारायची युक्ती माणसाला सापडली, त्याला आता ऐंशीएक वर्षं होत आली. ही युक्ती कुठून आली आणि आपल्या मुंबईत कशी रुजली, ते आज बघू.

सुरुवात 'शेक' या शब्दापासून करू. रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात. १८९५ मध्ये रॉंटगेन यांना क्ष-किरण सापडले, १८९८ मध्ये क्युरी दांपत्यानं रेडियम शोधलं, आणि थोड्याच वर्षांत डॉक्टर गाठीवर किरण सोडू लागले. गाठ एका जागी असेल तर हे जमतं. पण रोग हाडांत, फुप्फुसांत वीस ठिकाणी गेला असेल तर शेक देणार कुठे कुठे? तण वाफ्याच्या एका कोपऱ्यात असेल तर उपटता येतं. त्याचं बी वाऱ्यानं सगळ्या मळ्यात गेलं, तर तेच तण शोधून काढणारं काहीतरी हवं.

ते 'काहीतरी' एका व्याख्यानातून निघालं. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी साध्या मूलद्रव्यांना कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करून दाखवलं होतं. १९३६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बोस्टनला कार्ल कॉम्प्टन या पदार्थवैज्ञानिकाचं व्याख्यान झालं. श्रोत्यांत सॉल हर्ट्झ नावाचे थायरॉइडचे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, आयोडीन असं किरणोत्सारी करता येईल का? व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला लाजू नये, ते याचसाठी!

प्रश्नामागचा विचार सरळ होता. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते, कारण तिचा हार्मोन त्यापासूनच बनतो. मग किरणोत्सारी आयोडीन पाजलं, तर ग्रंथी स्वतःच किरण आपल्या घरात घेईल. १९३८ मध्ये आयोडीन-१३१ सापडलं. १९४१ मध्ये हर्ट्झ यांनी वाढलेल्या थायरॉइडच्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन द्यायला सुरुवात केली.

पण खरी कलाटणी मिळाली ती न्यूयॉर्कमध्ये. मॉन्टेफिओर रुग्णालयात सॅम्युअल सायडलिन यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याची थायरॉइड काही वर्षांपूर्वीच काढून टाकलेली होती, तरी वजन घटणं, छाती धडधडणं ही थायरॉइड जास्त काम करत असल्याची लक्षणं दिसत होती. ग्रंथीच नाही, तर हार्मोन येतो कुठून? किरणोत्सारी आयोडीन देऊन त्याच्या अंगावरून किरण मोजायचं यंत्र फिरवलं, तेव्हा जिथे कर्करोग पसरला होता तिथून यंत्र बोलू लागलं. दूर गेलेल्या गाठी अजून थायरॉइडचंच काम करत होत्या! त्याच आयोडीननं त्याच्यावर उपचार झाले आणि त्याला आराम पडला. सायडलिन आणि सहकाऱ्यांनी हे १९४६ मध्ये प्रसिद्ध केलं.

आपल्या चाकरमान्याचंच बघा ना. (चाकरमान्यांनी राग मानू नये.) मुंबईला चाळीस वर्षं झाली तरी जिभेला सोलकढी लागतेच. गर्दीत त्याला ओळखायचं तर सोलकढी ठेवावी, तो आपणहून येतो. पसरलेली पेशी पत्ता बदलते, पण मूळ अवयवाची खोड पुष्कळदा सोडत नाही. हा सगळा उपचार त्या खोडीवर उभा आहे. आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. काही पेशी बिघडत बिघडत आयोडीन ओढायचंच विसरतात. मग हे औषध त्यांना सापडत नाही.

आता मुंबईकडे येऊ. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. तशा उपचारांची सोय आपल्या देशात असावी, या इच्छेतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. १९५६ च्या ऑगस्टमध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. १९६२ मध्ये टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुखात्याकडे कसं, याचं पुष्कळांना नवल वाटतं. यामागे होमी भाभांची दृष्टी होती. लगेच १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं.

हे दोन टोकांचं जुळणं महत्त्वाचं का? कारण हे औषध कपाटात ठेवून चालत नाही. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं उरतं, सोळा दिवसांत पाव. आंब्याची पेटी परवडली, ती थोडी तरी थांबते! परदेशातून मागवायचं तर वाटेतच वाया जाणार आणि पैसे पुऱ्याचे मोजायचे. अणुभट्टी आणि रुग्णालय एकाच शहरात आल्यामुळे हा उपचार साध्या माणसाच्या आवाक्यात येऊ शकला.

आणि परळ म्हणजे काही आपल्याला परका मुलूख नव्हे. गिरणगावात कोकणातली किती माणसं राहिली! एक गंमत सांगतो. आयोडीनच्या उपचाराआधी आठ-पंधरा दिवस आयोडीनचं मीठ आणि समुद्राची मासळी बंद करतात, म्हणजे पेशी उपाशी राहतात आणि औषधावर तुटून पडतात. मालवणी माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. मोठा डोस असेल तर काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागतं, कारण लघवी-घामातूनही किरणोत्सार बाहेर पडतो. नातेवाईक जवळ बसू शकत नाहीत. 'आमच्या माणसाला वाळीत टाकलं' असं वाटून घेऊ नये, ती काळजी घरच्यांसाठीच असते.

बराच काळ हे यश मुख्यतः थायरॉइडपुरतं होतं. मग शास्त्रज्ञांनी इतर कर्करोगांच्या खोडी शोधल्या. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन हार्मोन पकडणारे आकडे असतात, प्रोस्टेटच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन असतं. त्यांना चिकटणारा रेणू घ्यायचा आणि त्याला ल्युटेशियम-१७७ बांधून शिरेतून सोडायचं. त्याचे किरण फार तर दोन मिलिमीटर जातात, तांदळाच्या दाण्याच्या लांबीपेक्षाही कमी. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं.

गुण किती येतो, हेही स्पष्ट सांगायला हवं. लहान आतड्याच्या न्यूरोएंडोक्राइन गाठींवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला. वीस महिन्यांनी रोग न वाढलेल्यांचं प्रमाण ल्युटेशियम घेतलेल्यांत सुमारे ६५ टक्के होतं, दुसऱ्या गटात ११. प्रोस्टेटच्या २०२१ च्या अभ्यासात ८३१ रुग्ण होते. तिथे आयुष्याचा मध्य ११.३ महिन्यांवरून १५.३ वर गेला. म्हणजे चार महिने. चार महिने थोडे की फार, हे ज्याच्या घरात नातवाचं लग्न आहे त्याला विचारा. तोंड कोरडं पडणं, रक्तपेशी कमी होणं असे त्रासही होतात.

पुढचं पाऊल अल्फा कणांचं आहे. ते काही पेशींच्या अंतरातच जबर मार करतात. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगासाठी रेडियम-२२३ ला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक. तळेऱ्याहून जो रस्ता विजयदुर्गाला जातो, तिथे किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत, आणि १८६८ च्या सूर्यग्रहणात हेलियमची ओळख तिथून पटली असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात. त्या ग्रहणाच्या वर्षी सूर्याच्या प्रकाशात सापडलेला हेलियम आज रुग्णाच्या हाडापर्यंत पोचलाय.

तेव्हा पुढच्या वेळी 'पसरला' हा शब्द कानावर आला, तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. एक, हा कर्करोग मूळचा कुठला? दोन, त्याला ओळखणारं औषध आहे का, आणि स्कॅनमध्ये गाठी ते औषध ओढतात का? स्कॅनमध्ये दिसल्या तरच उपचाराचा विचार होतो. उत्तर 'नाही' असंही येईल, आणि ते स्वीकारावं लागेल. पण विचारल्याशिवाय घर गप्प होऊ देऊ नका. बोस्टनला एका श्रोत्यानं प्रश्न विचारला, म्हणून तर इथवर आलो.

आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.