हंसा वाडकर : जाहिरातीतल्या आणि जाहिरातीमागच्या

श्रोतेहो, आपल्या मालवण-सावंतवाडीकडच्या दशावतारात सीता असो की द्रौपदी, लुगडे नेसून उभा राहतो तो परंपरेने पुरुषच. याच सावंतवाडीशी नाते असलेल्या घरातली रतन साळगावकर ही मुलगी मात्र कोवळ्या वयात कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. हौसेने नव्हे बरे का. घराला पैशांची नड होती. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या बोलपटातून ती लोकांपुढे आली, हंसा वाडकर या नावाने.

१९३९ साली बॉम्बे टॉकीजचा 'नवजीवन', आणि १९४१ साली प्रभातचा 'संत सखू'. सासुरवास सोसणारी सखू म्हणून हंसाबाई घरोघर ठाऊक झाल्या.

तोवर महायुद्ध पेटले होते. कोरी फिल्म परदेशातून बोटीने येई, ती मिळेना. म्हणून १९४२ साली सरकारने बंधन घातले: चित्रपट ११,००० फुटांहून, म्हणजे सुमारे दोन तासांहून, लांब नको आणि जाहिरातीची झलक ४०० फुटांहून मोठी नको. कागदाचीही टंचाई होती. मग थोडक्या जागेत लोकांना ओढायचे कशाने? नटीच्या चेहऱ्याने! भित्तिचित्रावरचा तो रंगवलेला चेहरा म्हणजेच ती बाई, असे लोक समजू लागले.

१९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला. कालची संत सखू आता तमाशातली बया झाली, आणि लोकांनी तीही खरी मानली. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' तर पुण्यात एकाच थिएटरात सुमारे अडीच वर्षे चालला.

पण खुद्द हंसाबाईंचे कोणी ऐकले होते का? ते त्यांनी अरुण साधूंना सांगितले. १९७० साली पुस्तक निघाले. नाव तेच, 'सांगत्ये ऐका'. लहानपणापासूनची कमाई, संसाराची ओढाताण, दारूचे व्यसन, काही झाकले नाही. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. १९७७ साली श्याम बेनेगलांनी या आत्मकथेवरून 'भूमिका' काढला. स्मिता पाटील त्यात नायिका होत्या.

गुरुजी, एखादी जुनी जाहिरात वर्गात जरूर दाखवा. तीवरून तो काळ कळतो, लोकांची आवड कळते. मात्र मुलांना एवढे विचारा: ही कोणी काढली, कशासाठी काढली, आणि चित्रातल्या बाईला बोलायला मिळाले असते, तर तिने काय सांगितले असते?