हातचा लिहून ठेवा

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी सी भाषेत एक ओळ लिहिली होती. असर्ट, आणि कंसात: रांगेतला पुढचा संदेश काढ, तो मिळाला का बघ. माझ्या लॅपटॉपवर प्रोग्राम छान चालला, टेस्टिंगमध्येही चालला. ग्राहकाकडे मात्र रांग नुसती वाढत गेली, पार मेमरी संपेपर्यंत. संदेश कोणी काढतच नव्हतं, कारण ग्राहकाला दिलेल्या प्रोग्राममध्ये ती ओळ उरलीच नव्हती. हे सापडायला मला दोन रात्री लागल्या. सापडल्यावर राग आला तो भाषेचा. लिहिलेली ओळ गायब करायची कल्पना कोणाची? शोधत गेलो आणि १९४९ सालात पोचलो.

२४ जून १९४९. केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक नुकताच सुरू झाला होता आणि त्यानिमित्त परिषद भरली होती. तिथे ॲलन ट्युरिंगने एक छोटा निबंध मांडला. प्रश्न असा, की मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे तपासायचं कसं? उत्तरासाठी त्याने घेतली शाळेतली बेरीज: १३७४, ५९०६, ६७१९, ४३३७, ७७६८. उत्तर २६१०४. एवढंच लिहून दिलं तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पहिल्यापासून करावी लागते. पण एककाचे ३४, म्हणून ४ मांडले, हातचे ३. दशकाचे १७, म्हणून ७ मांडले, हातचा १. असं प्रत्येक घराखाली लिहून ठेवलं तर एकेक घर सुटं तपासता येतं. चार जणांत वाटूनसुद्धा. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही असेच हातचे लिहून ठेवावेत, असं त्याचं म्हणणं: या जागी पोचल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे. या विधानांना त्याने असर्शन म्हटलं. (तपासणीवरचा हा निबंध छापला गेला तो मात्र चुकांनी भरलेला होता. १९८४ साली दोन संशोधकांनी तो दुरुस्त करून पुन्हा छापला.)

पुढे १९६७ मध्ये रॉबर्ट फ्लॉइड आणि १९६९ मध्ये टोनी हॉर यांनी या विधानांना नीट गणिती रूप दिलं. पण रोजच्या कामात सिद्धता लिहीत बसायला वेळ कोणाला होता! हातचे तपासायचं काम मग यंत्राकडेच गेलं. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत असर्ट हा मॅक्रो आहे. मॅक्रो म्हणजे कंपाइल होण्याआधी होणारी मजकुराची अदलाबदल. असर्टच्या जागी ‘अट खोटी असेल तर फाइलचं नाव नि ओळीचा क्रमांक छापून थांब’ एवढा कोड येऊन बसतो. आणि एनडीबग हे नाव आधी ठरवून दिलं असेल, तर त्या जागी काहीच येत नाही.

माझा संदेश इथे हरवला होता.

तरी तेव्हाचं यंत्र पाहिल्यावर राग थोडा निवळला. पीडीपी-११ वर एका वेळी ६४ किलोबाइटच्या पत्त्यांतच वावरायचं. तिथे प्रत्येक तपासणी जागा खाणार. तो जुना मॅक्रो महिरपी कंसांत होता, त्यामुळे इफ आणि एल्सच्या मध्ये लिहून पुढे अर्धविराम दिला की कंपाइलर अडायचा. १९८९ च्या प्रमाण सी भाषेत असर्ट ही एक पदावली झाली आणि ती फसलेली अटही जशीच्या तशी छापू लागली. एनडीबग मात्र राहिलं. १९७३ मध्येच हॉरने या सवयीची टर उडवली होती: किनाऱ्यावर सराव करताना लाइफ जॅकेट घालायचं आणि समुद्रात जाताना काढून ठेवायचं.

आज जॅकेटचं वजन फारसं नाही. आताच्या लिनक्समध्ये असर्टचा उलगडा झाला की नेहमीच्या वाटेवर उरते ती अट तपासणं आणि एक उडी. छापण्याचं काम वेगळ्या फंक्शनकडे असतं. ‘हे कधीच परत येत नाही’ असं कंपाइलरला सांगितलेलं असतं, म्हणून तो त्या फंक्शनला बोलावणारा कोड वाटेतून बाजूला नेऊन ठेवतो. उडी बहुतेक कधीच घ्यायची नाही, हे प्रोसेसरलाही लवकर कळतं. अर्थात अटच एक लाख नोंदी चाळणारी असेल तर मॅक्रो काय करणार? रस्ट भाषेने म्हणूनच दोन नावं ठेवली. साधा असर्ट कायम राहतो, डीबग असर्ट रिलीजमध्ये जातो. मला हे पटतं. जाणाऱ्याने निदान नावातून तरी सांगावं.

मी माझी ओळ दोन ओळींत तोडली. संदेश आधी काढायचा, मग तपासायचा. शिवाय स्वतःचा, रिलीजमध्येही टिकणारा मॅक्रो लिहिला. वेग मोजला, फरक इतका कमी, की दोन मोजण्यांतच त्याहून जास्त फरक पडत होता. तिसऱ्या आठवड्यात रात्री ग्राहकाकडचा प्रोग्राम एका भलत्याच अटीवर थांबला. लॉगमध्ये फाइल, ओळ, अट, सगळं होतं. दहा मिनिटांत चूक सापडली. फोनवर ग्राहक मात्र वैतागला होता: “आधी चालत तरी होतं हो!”