परिचर्या पदवी अभ्यासक्रमातील श्रेणी आणि सत्रोन्नती

बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने लेखी परीक्षेत, कौशल्य प्रयोगशाळेत आणि रुग्णालयाच्या वॉर्डात केलेल्या कामाचे गुण, श्रेणी व श्रेयांक यांत मोजमाप करणारी, आणि त्या मोजमापावरून तिला पुढच्या परीक्षेला बसू द्यायचे की थांबवायचे हे ठरवणारी नियमांची चौकट. (वर्गात मुलगेही असतात, मुलींची संख्या जास्त म्हणून या नोंदीत ‘विद्यार्थिनी’ हा शब्द दोघांसाठी वापरला आहे.) लेखी पेपरात मिळवलेले जास्तीचे गुण प्रात्यक्षिकातली तूट भरून काढू शकत नाहीत, हे या चौकटीचे मूळ तत्त्व. ते लक्षात ठेवले तर कडक वाटणाऱ्या बऱ्याच नियमांचा अर्थ लागतो.

भारतात परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे बोलण्यात ‘आयएनसी’, अस्तित्वात आली. मुंबईत १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले. आज महाराष्ट्रातली बहुतेक परिचर्या महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. कामाची वाटणी अशी : अभ्यासक्रम आणि उत्तीर्णतेचे किमान निकष परिषद ठरवते, सत्रान्त परीक्षा विद्यापीठ घेते, आणि पदवीनंतरची नोंदणी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे होते. अनेक दशके परीक्षा वर्षाअखेरीस होत. जुलै २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या परिषदेच्या सुधारित विनियमांनी चार वर्षांचा हा अभ्यासक्रम आठ सत्रांत विभागला आणि टक्केवारीच्या जोडीला श्रेयांक व श्रेणी आणल्या. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत झाला आहे.

श्रेयांक म्हणजे कामाच्या तासांचे माप. सत्र वीस आठवड्यांचे आणि आठवडा चाळीस तासांचा धरला आहे. वर्गातल्या तासिकांचा एक श्रेयांक २० तासांचा, कौशल्य प्रयोगशाळेतला ४० तासांचा, तर वॉर्डातल्या पोस्टिंगचा ८० तासांचा. पहिल्या सत्रातला ‘नर्सिंग फाउंडेशन–१’ हा विषय घ्या. त्यात वर्गात १२० तास (६ श्रेयांक), प्रयोगशाळेत ८० तास (२ श्रेयांक) आणि वॉर्डात १६० तास (२ श्रेयांक) जातात. म्हणजे ३६० पैकी २४० तास हाताच्या कामाचे, पण श्रेयांक मात्र दहापैकी चारच. बिछाना करणे, रुग्णाला स्पंजिंग देणे, नाडी-श्वास-रक्तदाब घेऊन चार्टवर नोंदवणे, पाठीची काळजी, पुतळ्यावर इंजेक्शनचा सराव, या सगळ्याचा मोबदला श्रेयांकांच्या भाषेत कमी भरतो. उच्च शिक्षणात श्रेयांक सर्वत्र साधारण असेच मोजतात, त्यामुळे एकट्या परिषदेला दोष देता येणार नाही. पण मुलींचे जे तास पायावर उभे राहून जातात त्यांना इतके कमी वजन मिळावे, हे खटकते. केवळ सरासरी श्रेणीवर निकाल लावला असता तर पुस्तकात हुशार आणि वॉर्डात कच्ची अशी मुलगी सहज पुढे निघून गेली असती.

ती वाट उत्तीर्णतेच्या नियमाने बंद केली आहे. परिचर्येच्या विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत वेगवेगळे किमान ५० टक्के मिळावे लागतात. दोहोंपैकी एकात जरी विद्यार्थिनी नापास झाली, तरी तिला लेखी व प्रात्यक्षिक दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. इंग्रजी आणि वैकल्पिक विषयांना ४० टक्के पुरतात. हा नियम अनेकींना जाचक वाटतो : व्हायव्हात घाबरून गेलेल्या मुलीने चांगल्या गुणांनी पास झालेला लेखी पेपर पुन्हा का लिहावा? प्रश्न रास्त आहे. पण वॉर्डात ज्ञान आणि हात वेगळे काम करत नाहीत. इन्सुलिन देणाऱ्या परिचारिकेला सिरिंजवरचे युनिट वाचता यायला हवे, आणि ते जास्त झाले तर रुग्णाला घाम का फुटतो हेही माहीत हवे. म्हणून विषय हे एकच एकक मानणे योग्य, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सवलतीचा नियमही याच बाजूला झुकतो. विद्यार्थिनी सत्रातल्या एकाच विषयात अडकली असेल आणि तेवढ्याने ती सत्र उत्तीर्ण होणार असेल, तर पाचपर्यंत ग्रेस गुण देता येतात. पण ते लेखी गुणांत मिळवायचे असतात.

लेखी विषयाच्या १०० गुणांपैकी २५ अंतर्गत, ज्यांना मुली ‘इंटर्नल’ म्हणतात, आणि ७५ सत्रान्त परीक्षेचे. इंटर्नलच्या २५ पैकी १५ गुण दोन सत्रांतर्गत चाचण्यांतून येतात. उरलेले १० सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे : उपस्थिती, लेखी स्वाध्याय, वैयक्तिक सादरीकरण आणि गटप्रकल्प मिळून ३० गुण होतात, ते १० वर आणायचे. त्या तिसांत उपस्थितीला जास्तीत जास्त दोनच गुण आहेत. प्रात्यक्षिकात मात्र अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेची विभागणी निम्मी-निम्मी, ५० व ५०. पहिल्या सत्रातले इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन–१ यांची परीक्षा महाविद्यालयच घेते. शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचा मिळून विद्यापीठाचा एक पेपर असतो, त्यात पहिला भाग ३७ गुणांचा व दुसरा ३८ चा.

प्रात्यक्षिकातले हे पन्नास अंतर्गत गुण शिक्षिकांच्या हाती असतात आणि विद्यार्थिनींच्या मनातली सर्वांत मोठी धास्ती तिथेच असते. केअर प्लॅन, केस प्रेझेंटेशन, औषधांची माहिती, आरोग्यशिक्षणाचे भाषण, खाटेजवळचे वागणे, असे सगळे त्यात येते. ‘वागणे’ मोजताना व्यक्तिगत आवडनिवड शिरण्याचा धोका खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे तपासणीची यादी : कोणत्या कृतीला किती गुण हे आधीच लिहून ठेवायचे आणि शिक्षिकेने समोर उभे राहून त्याप्रमाणे खूण करायची. ही यादी पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थिनीच्या हातात पडली पाहिजे. जिथे ती शेवटी निकालाबरोबर कळते, तिथे मूल्यमापन शिकवण्याचे साधन राहत नाही.

‘ऑस्की’ या नावाने रुळलेल्या परीक्षेचे मूळही याच काळजीत आहे. स्कॉटलंडमधल्या डंडी येथील रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ती मांडली. उमेदवार ठरावीक मिनिटांनी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे सरकतात. एकीकडे ड्रेसिंगचा ट्रे मांडायचा, दुसरीकडे सलाइनच्या थेंबांचा हिशेब करायचा, तिसरीकडे रुग्णाशी बोलून माहिती घ्यायची. प्रत्येक टेबलावर सर्वांना तेच काम आणि तीच यादी. परिषदेने ऑस्कीच्या जोडीला प्रत्यक्ष रुग्णावरच्या कामाचे निरीक्षण आणि व्हायव्हा ठेवले आहेत. प्रात्यक्षिक परीक्षा संबंधित वॉर्डातच व्हावी, एक अंतर्गत व एक बाह्य परीक्षक दोघांनी मिळून ती घ्यावी आणि एका दिवसात वीसपेक्षा जास्त उमेदवार नसावेत, असेही बंधन आहे. शेवटची अट छोटी दिसते, पण प्रत्येकीला पुरेसा वेळ मिळण्याची हमी तिच्यातच आहे.

गुणांवरून श्रेणी लागते. सर्वोच्च ‘ओ’ श्रेणीला १० श्रेणीगुण, त्याखाली ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८ असे उतरत ‘सी’ला ५, ‘एफ’ म्हणजे नापास आणि अनुपस्थिती यांना शून्य. परिचर्येच्या विषयांत ‘सी’ ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी, तर इंग्रजी व वैकल्पिक विषयांत चार गुणांची ‘पी’ श्रेणीही चालते. सत्राची सरासरी काढताना प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकांनी गुणतात, बेरीज करतात आणि एकूण श्रेयांकांनी भागतात. समजा, दोन श्रेयांकांच्या विषयात १०, तीन श्रेयांकांच्या विषयात ७ आणि दहा श्रेयांकांच्या विषयात ५ श्रेणीगुण मिळाले. साधी सरासरी ७.३३ येईल, श्रेयांकभारित सरासरी मात्र ९१ भागिले १५, म्हणजे ६.०७. मोठ्या विषयातली घसरण लहान विषयातल्या यशाने झाकली जात नाही. सर्व सत्रांची मिळून येते ती एकत्रित सरासरी, ‘सीजीपीए’. ती ७.५ किंवा अधिक असल्यास विशेष प्रावीण्यासह प्रथम वर्ग, ६ ते ७.४९ ला प्रथम वर्ग आणि ५ ते ५.९९ ला द्वितीय वर्ग जाहीर होतो.

परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात तासिका आणि प्रात्यक्षिक यांची किमान ८० टक्के उपस्थिती लागते. गैरहजेरीचे कारण कोणतेही असो, मोजणी बदलत नाही. प्रात्यक्षिकाबाबत दुसरा, अधिक कडक नियम आहे : पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्येक क्षेत्रातली उपस्थिती १०० टक्के पूर्ण असली पाहिजे. आजारपणात बुडालेले बालरुग्ण विभागातले आठ दिवस मुलीला नंतर, बहुधा सुट्टीत, भरून काढावे लागतात. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींना या नियमाची झळ जास्त लागते. कावीळ, टायफॉइड किंवा घरातला मृत्यू यांसाठी गेलेले दिवस ड्युटीच्या रूपाने परत द्यावे लागतात. नियम शिथिल करावा असे कोणी म्हणणार नाही. भरपाईच्या ड्युट्या सलग न लावता विश्रांती ठेवून लावणे मात्र महाविद्यालयाच्या हातात असते आणि तेवढी माणुसकी अपेक्षित आहे.

सत्रोन्नतीचे नियम विद्यार्थिनींच्या बोलीत ‘बॅक’, म्हणजे मागे राहिलेला विषय, आणि ‘केटी’, म्हणजे तो घेऊन पुढच्या सत्रात जाण्याची मुभा, या दोन शब्दांभोवती फिरतात. एखादा विषय राहिला म्हणून लगेच घरी बसावे लागत नाही. पुढच्या सत्राचे वर्ग आणि पोस्टिंग चालू ठेवता येतात. पण पाचव्या सत्राच्या परीक्षेला बसण्यापूर्वी मागचे सर्व विषय सुटलेले असावे लागतात, आणि सातव्या सत्राच्या परीक्षेपूर्वी पुन्हा तेच. वाटेत बांधलेले हे दोन बांध आहेत. पाचव्या सत्रात बालरुग्ण आणि मानसिक आरोग्य परिचर्या सुरू होते. ज्या मुलीचे औषधशास्त्र किंवा प्रौढ रुग्णांची परिचर्या कच्ची राहिली आहे, तिला लहान मुलाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढताना अडचण येणारच. थोपवून धरण्यापेक्षा पहिल्या सत्रापासून बॅक राहिलेल्या मुलींसाठी वेगळे वर्ग घेणे जास्त उपयोगी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींचा पहिला अडसर बहुतेक वेळा इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा असतो, आकलनाचा नसतो. संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करण्याची कमाल मुदत आठ वर्षे आहे.

आठवे सत्र आंतरवासितेचे : २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, एकूण १,०५६ तास. त्याला बारा श्रेयांक आहेत. या काळात मुलगी शिफ्टमध्ये, जवळजवळ स्टाफ परिचारिकेसारखीच राबते.

अमेरिकेतल्या अनेक परिचर्या महाविद्यालयांत उत्तीर्णतेची रेषा ७५ टक्क्यांच्या आसपास असते आणि सरासरी घसरलेल्या विद्यार्थ्याला ‘प्रोबेशन’वर, म्हणजे सुधारणेच्या मुदतीवर, ठेवतात. भारतीय पद्धतीत केटी आणि सत्रांचे बांध हे काम करतात. अमेरिकेत परवान्यासाठी द्यावी लागणारी ‘एनक्लेक्स’ परीक्षा फक्त पास किंवा नापास असा निकाल देते. त्या वाटेने जाणाऱ्या भारतीय पदवीधरांच्या कागदपत्रांची छाननी करणाऱ्या संस्था महाविद्यालयाकडून गुणपत्रकांसोबत प्रत्येक विषयात वर्गात किती तास आणि वॉर्डात किती तास झाले याचा तपशील मागतात. म्हणूनच पदवीनंतर दहा वर्षांनी परदेशी निघालेली परिचारिका कॉलेजच्या कार्यालयात येते आणि जुनी हजेरीची व लॉगबुकची नोंद शोधून द्या, अशी विनंती करते.