पाण्यात काय आहे?

बारवी धरणातून एमआयडीसीचं पाणी उल्हासनगर-अंबरनाथला येतं. याच शहरांतून वाहणारी वालधुनी मात्र सांडपाण्याने काळी पडली आहे. तिची घाण डोळ्यांना दिसते, पण पाण्यातलं प्रत्येक विष दिसत नाही.

बांगलादेशात तळ्यांच्या पाण्यातून पसरणारे आजार टाळण्यासाठी १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी नितळ होतं. पुढे १९९०च्या दशकात कळलं की, त्यांतल्या अनेकींत आर्सेनिक आहे.

हाच प्रश्न २००६ साली एडिनबर्गच्या विद्यार्थ्यांनी ‘आयजेम’ स्पर्धेत नेला. अमेरिकेत एमआयटीमध्ये २००४ साली पाच संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत विद्यार्थी जिवाणूंची जनुकं बदलून त्यांना नवं काम शिकवतात. एडिनबर्गच्या जिवाणूला आर्सेनिक लागलं की तो दुधातली साखर फोडून आम्ल तयार करी आणि चाचणीच्या द्रवाचा रंग बदले. त्याच वर्षी बंगळुरूचा संघही स्पर्धेत होता.

असा जिवाणू प्रयोगशाळेबाहेर न्यायला कडक नियम आहेत, आणि ते हवेतच. पण प्रश्न विचारायला परवानगी लागत नाही. आपल्या उर्दू-मराठी शाळांतल्या मुलांच्या दारातच वालधुनी आहे. पालकसभेत वर्गखोल्यांइतक्याच आग्रहाने आपण प्रयोगशाळाही मागायला हवी.