पाइप किती उजळावा?

वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीकडे जाणारा रस्ता आंबोली घाटातून चढतो. कर्नल वेस्ट्रॉपच्या काळात आंबोली साहेबांचं थंड हवेचं ठाणं झालं. त्यांच्या सामानातून लाकडी पाइपही या वाटेने वर आले असणार.

असा जुना पाइप हाती देणारा म्हणतो, ‘चकचकीत करा.’ मी करत नाही. पाइपचा इतिहास अगदी वरच्या थरात असतो. चांदीच्या कड्यावर नांगर असेल तर चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली. शेजारचं अक्षर वर्ष सांगतं. घासलं की आधी तेच पुसतं. लाकूड बहुधा ब्रायरचं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. वरची झिलई मात्र पुष्कळदा लाखेची. हिंदुस्थानातून विलायतेला जाणारी, सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांवर चढवतात तीच लाख! ती स्पिरिटात विरघळते. म्हणून स्पिरिट फक्त धुराच्या नळीत, बाहेर थेंबही नाही.

आंबोलीच्या पावसात लाकूड फुगून तोंडाकडची नळी अडकते. पिळली तर लाकूड चिरतं. सावलीत सुकू दिलं की बहुधा सुटते. नळी गंधक घातलेल्या कडक रबराची, उजेडाने हिरवट-तपकिरी होते. तो रंग काढायला हरकत नाही. आतली काजळी मिलिमीटरभर राखावी, ती लाकडाला आचेपासून जपते.

नळीवरचे दातांचे व्रण मी बुजवत नाही. डावीकडे खोल असतील तर ओढणारा पाइप त्या बाजूला धरी, एवढं तरी त्या निनावी माणसाबद्दल कळतं.